लोक अजून येतायत

आमच्या सईच्या वाढदिवसाला मी सगळ्यांना सहाची वेळ दिली होती. मराठी माणसाचे सहा म्हणजे किती, हे तुम्हाला सांगायला नको. बरोबर सहाला बेल वाजली तेव्हा माझे केस टॉवेलात होते, नवरा टेबलावर चढून फुगे लावत होता आणि सामोसे अजून तळायचे होते. दारात वरच्या मजल्यावरचे इंग्रज गृहस्थ उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात बिस्किटांचा डबा. त्यांनी आत डोकावून रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, माझा रंग उडालेला चेहरा पाहिला आणि उलट मलाच धीर दिला, "काळजी करू नका. लोक अजून येतायत."

हे अर्थात इंग्रजीत. मग ते आत आले आणि सव्वा तास एकटेच मजेत बसून राहिले. रिकाम्या खोलीत इतक्या सुखाने बसणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

नाव होतं हो त्यांना, चांगलं लांबलचक होतं. पण माझ्या नवऱ्याने पहिल्या दिवसापासून त्यांना 'वरचे' करून टाकलं आणि मस्कतमधल्या अल हैलच्या आमच्या इमारतीत तेच रूढ झालं. वरचे आले, वरचे गेले, वरच्यांना वाटीभर आमटी देऊन ये. आमटी त्यांना आवडायची. ती ते कपातून प्यायचे.

हा माणूस गिटार वाजवतो हे आम्हाला वर्षभर कळलंच नव्हतं. वीज न जोडता इलेक्ट्रिक गिटार वाजवली तर डास गुणगुणावा इतपतच आवाज येतो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून वरचे घरी तशीच वाजवायचे. आणि मग जुलैतल्या एका दुपारी इमारतीतले सगळे एसी एकदम बंद पडले. मस्कतचा जुलै! पाच मिनिटांत अख्खी इमारत जिन्यात. सगळ्यात शेवटी वरचे उतरले. गळ्यात लालभडक गिटार आणि चेहरा दुधाचं पातेलं सांडलेल्या मांजरासारखा.

"माझा ॲम्प्लिफायर," ते म्हणाले. "फार वर्षांनी लावून पाहिला."

वीज येईपर्यंत जिन्यातच बैठक बसली आणि घामाच्या धारांत आम्ही एका इंग्रज रॉक गिटारवाल्याचं चरित्र ऐकलं. वडील बस चालवायचे. सतराव्या वर्षी शाळेला रामराम ठोकून पोरगा बँडमध्ये. तेव्हा केस कमरेपर्यंत होते. आताचं टक्कल बघून कोणी विश्वास ठेवत नसे, म्हणून पाकिटात फोटो ठेवलेला. अकरा वर्षं त्यांचा बँड इंग्लंडभर फिरला, पण कायम दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या बँडच्या आधी वाजवायला. लोक मोठ्यांची तिकिटं काढून यायचे. ते हातात बिअर घेऊन आपली खुर्ची शोधत असायचे, तेव्हा स्टेजवर हे वाजवायचे. रोज रात्री यांचा गायक सगळ्यांना तेच सांगून धीर द्यायचा, लोक अजून येतायत. पुढे बँड मोडला. मग वरच्यांनी प्रवासी जहाजांवर वाजवलं आणि शेवटी मस्कतच्या एका हॉटेलच्या लाउंजमध्ये, जिथे लोक जेवायला येत.

"म्हणजे मोठमोठे कलाकार तुम्ही जवळून पाहिलेत की!" नवरा भारावला.

"त्यांची सँडविचेस पाहिली," वरचे म्हणाले. "सँडविचेस उत्तम असायची."

सगळे हसलो. मग ते गिटारच्या तारा पुसत सहज बोलले, की मोठ्यांचं वाजवून झालं की लोक परत या, परत या म्हणून ओरडायचे. ते मोठे आत जाऊन थोडं थांबायचे, आरडाओरडा वाढू द्यायचे आणि नवीन गाणं घेऊन बाहेर यायचे. यांचा बँड पॅसेजमध्ये वायरी गुंडाळत ऐकायचा. आधीच्यांना कोणी परत बोलवत नाही. "एकदाही नाही?" मी विचारलं. "एकदाही नाही," ते म्हणाले, अगदी हसत. मला मात्र फार वाईट वाटलं. हसून सांगितलेलं दुःख मला सहन होत नाही.

त्यानंतर सई त्यांच्याकडे गिटार शिकायला लागली. बदल्यात तिने त्यांना मराठी शिकवलं. आमच्या कन्येचं स्वतःचं मराठी इंग्रजीचा हात धरून चालतं, तेव्हा विद्यार्थी कसा तयार झाला असेल बघा. एकच वाक्य पक्कं आलं, "लोक अजून येटायट." ते आम्हाला कुठेही ऐकू यायचं. लिफ्टपाशी, सुपरमार्केटच्या रांगेत, दंतवैद्याच्या बाकावर.

या हिवाळ्यात हॉटेलने लाउंज बंद केलं. नोकरी गेली की इथला रहिवासही संपतो. वरचे इंग्लंडला बहिणीकडे राहायला जाणार, असं ठरलं. जायच्या आदल्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं, आणि सांस्कृतिक समिती म्हणजे मी. बाकीच्यांनी वेळेवर नाही म्हटलं होतं. मी वरच्यांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले.

अध्यक्ष म्हणाले, "गोऱ्याला पहिला ठेवा. पब्लिक येईपर्यंत उरकून जाईल."

माझं डोकंच फिरलं. "मग निवेदनही तुम्हीच उरका," मी म्हटलं. वरच्यांना मध्यंतरानंतर ठेवायचं, सभागृह भरलेलं, पोटात बटाटेवडा गेलेला, हे मी भांडून ठरवून घेतलं. आनंदाने वर जाऊन सांगितलं तर वरचे मटकन खुर्चीत बसले.

"म्हणजे सगळे आलेले असतील?"

"हो."

"बसलेले?"

"हो हो!"

"बाप रे," अशा अर्थाचं काहीतरी ते पुटपुटले. दोन दिवस त्यांनी आमटी परत पाठवली.

साथीला ढोलकीवर हमीदभाई. हे दाभोळचे, खाबुऱ्याच्या मळ्यांतून मस्कतला भाजी आणतात. कोबीच्या पेट्या खाली ठेवून आमच्या हॉलमध्ये तालीम चालायची. पहिल्याच दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, ह्या माणसाला लय कळते हां! एवढी वर्षं कुठे लपवलात ह्याला?"

कार्यक्रमाच्या दिवशी मध्यंतर संपलं, पडदा उघडला. वरचे उभे, पण नजर मागच्या दाराकडे. सवयच ती. दारातून कोणी येत नव्हतं. यायचे ते सगळे आलेले होते आणि त्यांच्याकडे बघत होते. हमीदभाई कुजबुजले, "यल्ला, साहेब," आणि ढोलकीवर थाप पडली.

काय वाजवलं मला विचारू नका. त्यांच्या बँडचीच जुनी चाल होती, पण ढोलकीशी अशी काही फुगडी घालायला लागली की पहिल्या रांगेतल्या जोशीकाकू बसल्या जागी डोलू लागल्या. लाल गिटार कधी ओरडत होती, कधी लाडात येत होती. शेवटची तार थांबली आणि मागून कोणीतरी गर्जना केली, "वन्स मोअर!" मग सगळं सभागृह, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

वरच्यांनी ऐकलं. कमरेत वाकून नमस्कार केला आणि गिटार घेऊन आत निघून गेले.

सभागृह गार. "गेला?" "रागावला का हो?" हमीदभाई एकटेच स्टेजवर, हात हवेत. अध्यक्षांनी घाईघाईने पुढचा कार्यक्रम सोडला आणि टोपल्या घेतलेल्या आठ कोळणी रांगेने स्टेजवर घुसल्या. मी धावत आत गेले. वरचे पडद्यामागे डोळे मिटून उभे होते.

"अहो, चला ना!"

"थांबा," ते म्हणाले. "थोडं थांबायचं असतं. मला ऐकू द्या."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "आमच्यात आत जायचं नसतं हो! तेच परत वाजवायचं असतं, तिथल्या तिथे!"

"तेच? पण ते त्यांनी आत्ताच ऐकलं."

"म्हणून तर!"

त्यांनी डोळे उघडले. ते ओले होते. मग असे हसले की पाकिटातल्या फोटोतला पोरगा मला प्रत्यक्ष दिसला. मी त्यांना सरळ स्टेजवर ढकललं. आठ कोळणींच्या मधोमध उभं राहून त्यांनी तेच पुन्हा वाजवलं. कोळणींना काही सुचेना, म्हणून त्या त्याच्यावरच नाचल्या. परत वन्स मोअर. परत तेच. तिसऱ्या वेळेला अध्यक्षही नाचत होते, हे मी इथे लिहून ठेवते.

पुढच्या आठवड्यात दुपारी चारला वरचे निघणार होते. आम्ही सगळे निरोपाला येतो म्हटलं होतं, म्हणजे चारला खाली फक्त ते, त्यांची बॅग आणि टॅक्सीवाला. मी सईला ओढत उतरले तेव्हा ओमानी टॅक्सीवाला "यल्ला, यल्ला" करत हॉर्न वाजवत होता आणि वरचे त्याला मराठीत समजावत होते, "लोक अजून येटायट."

आलो बाबा सगळे. नवरा आला, हमीदभाई कोबीसकट आले, जोशीकाकू डबा घेऊन आल्या. मिठ्या झाल्या. टॅक्सी निघाली, गल्लीच्या टोकाला वळायला लागली आणि सई, जिच्या तोंडून घरात मराठी काढायला मला घसा कोरडा करावा लागतो, जीव तोडून ओरडली, "वन्स मोअर!"

टॅक्सी वळून दिसेनाशी झाली. आणि मग पलीकडच्या गोल चौकाला वळसा घालून परत इमारतीसमोर आली! वरचे खाली उतरले. तेच परत. तशाच मिठ्या, तीच बॅग, तोच नमस्कार, अगदी डब्यासाठी जोशीकाकूंचे तेच आभार. टॅक्सीवाला कपाळाला हात लावून हसत होता. आम्ही हसता हसता रडत होतो.

दुसऱ्यांदा टॅक्सी वळली तेव्हा आम्ही सगळेच ओरडलो. बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिलो.

"खलास, वहिनी," हमीदभाई हळूच म्हणाले. "चला."

तेवढ्यात अध्यक्षांची गाडी आली. हातात भलामोठा गुच्छ, मागे आणखी दोन गाड्या भरून मंडळी. "आहेत ना अजून?" त्यांनी विचारलं.

मी मानेनेच नाही म्हटलं. ते निघून गेले होते आणि लोक अजून येत होते.