दुकानात थंड, घरी गरम

चौकशीमावशी हे नाव तिला गल्लीनं दिलं होतं, आणि उगाच दिलं नव्हतं. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या तिच्या दुकानात कुणी मशीन घेऊन आला की आधी त्याचीच उलटतपासणी व्हायची. टेबल कुठल्या भिंतीला आहे? घरात मांजर आहे का? बंद पडलं तेव्हा तुम्ही काय करत होतात? लोक वैतागायचे, पण पुन्हा यायचे तिच्याकडेच.

सध्या मात्र तिचीच मती गुंग झाली होती. निवृत्त हेडमास्तरांचं गेमिंगचं मशीन तिनं दोन महिन्यांपूर्वी धूळ काढून, पंखे धुऊन दिलं, आणि तेव्हापासून ते तापायला लागलं. परत दुकानात आणलं, तर दोन तास गेम चालवूनही मदरबोर्डचं तापमान पंचावन्नच्या वर जाईना. घरी नेलं की वीस मिनिटांत नव्वद, आणि पडदा काळा.

"इथे साव आणि तिथे चोर! असं का करतंय हे?" ती दिवसभर स्वतःलाच विचारायची.

हेडमास्तर या वयात गेम खेळतात म्हणून गल्ली हसायची. खरं कारण एकट्या मावशीला ठाऊक होतं, अर्थात खोदून खोदून विचारल्यामुळे. त्यांची लेक परदेशी. फोनवर "जेवलात ना? बरे आहात ना?" एवढ्यात संभाषण आटपायचं. पण शनिवारी दुपारी बापलेक मिळून गेममध्ये किल्ला लढवायला बसले की ती तासभर बोलायची. आणि बोलणं कुठे रंगात येतंय तोच मशीन मान टाकायचं. गेल्या शनिवारी ती म्हणाली होती, "बाबा, राहू द्या आता. बंदच करू या हे." ते ऐकल्यापासून मावशीच्या जिवाला चैन नव्हती.

म्हणून या शनिवारी ती दोनलाच त्यांच्या घरी हजर झाली. लेक तीनला गेमवर येणार होती. मावशीनं टेबलाखाली डोकं घातलं, भिंत चाचपली. ऊन नाही, मांजर नाही. गेम सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा चढू लागला: साठ, बहात्तर, चौऱ्याऐंशी. काय होतंय ते बघायला तिनं मशीनच्या डब्याचं बाजूचं झाकण काढलं, आणि आकडा उतरायला लागला.

झाकण लावलं, चढला. काढलं, उतरला.

"अगं बाई!" ती जमिनीवरच बसली. "सर, दुकानात मी झाकण कधी लावतच नाही! सगळी मशीनं उघडीच तपासते."

"म्हणजे पेपर सोपा काढून पास केलंत," हेडमास्तर म्हणाले.

पण बंद डब्यात हवा अडते कुठे? तिनं वहीच्या कागदाची पट्टी फाडली आणि डब्याच्या पाठीमागच्या जाळीसमोर धरली. तिथला पंखा आतली गरम हवा बाहेर फेकतो. पट्टी लांब उडायला हवी होती. ती जाळीला जाऊन चिकटली. पंखा हवा आत ओढत होता.

मशीन बंद करून तिनं आत बॅटरी मारली. पंख्याचं लेबल थेट तिच्याकडे बघत होतं. पुढच्या वेळी स्क्रू न काढता नंबर वाचता यावा म्हणून लेबल नेहमी आपल्याकडे ठेवायचं, ही तिची वीस वर्षांची शिस्त. पण पंखा हवा लेबलच्या बाजूला फेकतो. बाहेरची हवा आत घेणाऱ्या पुढच्या पंख्याला ती शिस्त चालते. मागच्याला चालत नाही.

तिचा चेहरा उतरला. "सर, हा मीच उलटा बसवलाय. तुमचे इतके शनिवार माझ्यामुळे गेले."

हेडमास्तर घड्याळाकडे बघत म्हणाले, "चूक सापडली ना? मग दुरुस्त करा. वीस मिनिटं आहेत."

तिनं दहातच पंखा फिरवला आणि झाकण घट्ट लावलं. तीनला किल्ला सुरू झाला. हेडमास्तरांच्या कानांवर हेडफोन, मावशीची नजर आकड्यावर. अठ्ठावन्न. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, तरी अठ्ठावन्न.

"हो गं, आहे ना. आज इथेच आहे मी," हेडमास्तर म्हणाले. मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. त्यांचा माउसवरचा हात थांबला. पडद्यावर शत्रू तटावर चढत होता, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"कधीपासून?" त्यांनी हलकेच विचारलं. "आणि हे तू एवढे दिवस एकटीच...?"

साऱ्या गल्लीची खबर ठेवणाऱ्या चौकशीमावशीनं आपला स्क्रूड्रायव्हर उचलला आणि काहीएक न विचारता दार हळूच ओढून घेतलं.