शुक्रवारी म्हातारीपाशी

उपवासकाळात आमच्या चर्चच्या वेदीवर फुलं ठेवत नाहीत. ईस्टरआधीचे ते चाळीस दिवस वेदी उघडी असते आणि दर शनिवारी मखमलाबादकडून शेवंती घेऊन येणाऱ्या फुलवालीला सुट्टी. मधे एखाद्या सणापुरती सूट मिळते. त्यातला एक म्हणजे, पोटी बाळ येणार असल्याचा निरोप देवदूताने मरियेला दिला तो मार्चमधला सण. यंदा तो बुधवारी होता आणि त्या दिवसासाठी आमच्या चर्चने एक अर्ज तयार केला होता.

अर्जाचं म्हणणं सरळ होतं. सरकारी दवाखान्यात गर्भपात फुकट होतात, म्हणजे आपण भरलेल्या करातून होतात. आमचा पैसा त्यासाठी वापरू नका, तोच अवघडलेल्या बायकांना आणि त्यांच्या बाळांना द्या. सह्या गोळा करायचं काम फादरांनी माझ्यावर टाकलं, कारण मी जन्मभर शाळेत शिकवलंय आणि मला नाही म्हणायला कोणी धजत नाही. खरं तर मला ते काम हवंच होतं. माझ्या आईला पाचवं मूल नको होतं, हे ती माझी वेणी घालताना हसत हसत सांगायची. पाचवी मी. त्यामुळे या विषयावर कोणी शांतपणे वाद घालू लागलं की माझं डोकं फिरतं.

"फक्त आपल्याच लोकांच्या सह्या नकोत," असं फादर म्हणाले होते. म्हणून मंगळवारी संध्याकाळी फुलवाली पाटी घेऊन यायच्या आधीच मी तिचं नाव आणि गाव एकेचाळिसाव्या ओळीत लिहून ठेवलं. मास्तरणीची खोड, मुलाने तोंड उघडायच्या आत उत्तर फळ्यावर.

तिने फुलं दिली आणि वर एक ओंजळ जास्तीची घातली. "ही तुमच्या माउलीला." मरियेसाठी तीन वर्षं ती हेच म्हणत आलीय. मी तिला अर्ज वाचून दाखवला.

"पण बाई, मी कुठं कर भरते?"

"भरतेस की! साबण घेतेस, चप्पल घेतेस, त्यात भरतेस. त्या दवाखान्यात तुझाही वाटा आहे."

ती पायरीवर बसली. "मग बरंच हाय. शुक्रवारी मला तिथंच बोलावलंय. तिसरा महिना लागलाय."

मी पेनाला टोपण लावलं.

"दोन हायेत मला," ती म्हणाली. "मालक टेम्पो घेऊन पिंपळगावला, द्राक्षाच्या सीझनला आठ-आठ दिस घरी नाय. सासू दोन वर्षं झाली अंथरुणात. फुलं तोडायची, बाजार गाठायचा, म्हातारीचं हागणं-मुतणं काढायचं. त्यात हे कुठं ठेवू?"

मी भडकले. देवानं दिलेलं नाकारणारी तू कोण, इथपर्यंत बोलले. ती मात्र रागावली नाही. कागदावर बोट ठेवून तिने विचारलं, "ह्यात लिवलंय ना, बाळांना द्या म्हणून? मग मिळंल का?"

"आधी सह्या जातील, मग सरकार..."

"शुक्रवारपर्यंत?"

मी आणखी चिडले. "कागद राहू दे बाजूला! मी आहे ना? तुला काय लागेल ते सांग, मी करते."

ती म्हणाली, "मग शुक्रवारी म्हातारीपाशी बसा. दुसरं कोणी नाय."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं माझं झालं. बुधवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला वेदीवर तिचीच शेवंती होती, फादर अर्ज वाचत होते आणि मी मनात हिशेब मांडत होते. माझा एक पैसाही ज्या कामाला लागू नये म्हणून मी दारोदार फिरले, त्याच कामाला आता माझा अख्खा दिवस द्यायचा? नाही गेले, तर कदाचित तिलाही जाता येणार नाही आणि बाळ वाचेल. पण मग माझ्या "मी आहे"ला काय अर्थ राहिला?

गुरुवारी मी तिच्या मळ्यात गेले. या वेळी रागावले नाही. हात धरून सांगितलं की चर्चच्या बायका पाळ्या लावतील, म्हातारीला बघतील, बाळालाही बघतील. ती ऐकत ऐकत फुलं तोडत राहिली.

"तीन वर्षं येते मी तुमच्या दारात," ती म्हणाली. "माझ्या घरी कोण कोण हाय, हे तुम्हाला परवा ठावं झालं. आता लय उशीर झाला, बाई."

शुक्रवारी सकाळी मी गेले. म्हातारीची डावी बाजू गेलेली. "कुठं गेली ती?" तिने विचारलं. "बाजारात," असं मी उपवासकाळात खोटं बोलले. मऊ भात भरवला, कूस बदलून दिली. तिने चांगल्या हाताने माझं बोट धरलं ते सोडेना, म्हणून मी दुसऱ्या हाताने जपमाळ ओढली. ती अर्ध्या वाटेवरून, द्वारका चौकातल्या सिग्नलवरून परत यावी, एवढंच मागत होते.

तीनच्या सुमारास रिक्षा थांबली. तोंड बघूनच कळलं.

"झालं," ती म्हणाली.

मी रडले. तिच्यासमोर, मोठ्याने, त्या बाळासाठी रडले आणि ते मी लपवलं नाही. तीही उंबऱ्यावर बसून रडली. मग मी उठले, चहा टाकला आणि दोरीवरचा रुमाल ओढून तिच्या कानावरून घट्ट बांधला, वारा लागू नये म्हणून. गाठ मारताना लक्षात आलं की असा रुमाल बाळंतिणीला बांधतात. तिच्याही लक्षात आलं. मी तो सोडला नाही आणि तिनेही काढला नाही.

अर्ज गेला. त्यावर पहिली सही माझी आहे आणि आजही मी ती करेन. एकेचाळिसावी ओळ मात्र मी स्वतः खोडली. आता मंगळवारी आणि शुक्रवारी म्हातारीपाशी मी बसते, बाकीच्या दिवशी चर्चमधल्या दोघी जातात. हे गेल्या वर्षी सुचलं असतं तर, असं रोज वाटतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी ती मोगरा घेऊन आली. माउलीची ओंजळ नेहमीसारखी घातली. मग पदराच्या गाठीतून तिने एक माळ काढली, कळ्या-कळ्यांची, अगदी इवलीशी. "ही वेगळी ठेवा," एवढंच म्हणून ती पाटी उचलून निघाली.

आमच्या मरियेच्या मूर्तीच्या कडेवर बाळ आहे. मी त्याच्या मनगटात ती माळ घालून पाहिली. बरोबर बसली.