भटू आप्पाचं अमाइन

भटू आप्पा ड्युटीवर आला की आधी हजेरी नाही, आधी पाइप. एका पाइपवर पालथा हात ठेवायचा, मग दुसऱ्यावर. एक कोमट, एक चटका देणारा. मग म्हणायचा, "हां, जित्तं शे," म्हणजे जिवंत आहे.

शहाद्याकडे ऊस गाळून उरलेल्या मळीपासून गॅस करतात, तिथे तो ऑपरेटर आणि मी वाफेच्या व्हॉल्व्हवर. मी चौथी शिकलेला. त्यानेच मला समजावलं. कच्च्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड असतो, तो जळत नाही. गॅस टॉवरमध्ये खालून वर चढतो, वरून अमाइन नावाच्या रसायनाचं पाणी पडतं आणि त्या कार्बनला धरून ठेवतं. जळणारा गॅस तेवढा वर निघतो. "थंडं शे तवलगून धरस ते," आप्पा म्हणायचा.

बायको गेली. तेरावा करून मी कामावर आलो. दुसऱ्या टॉवरखाली तेच अमाइन वाफेवर उकळत होतं. वाटलं, थंड असताना काम करतं तर तापवतात कशाला? मी वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला. माझ्या मते शहाणपणाच केला.

तासाभरात मीटरची घंटी वाजायला लागली. कार्बन तसाच गॅसबरोबर निघत होता. साहेब धावत आला. "टाकीभर अमाइन वाया गेलं असलं तर तू उद्यापासून घरी बस!" घरी? घरी कोण होतं?

आप्पाने पाइपला हात लावला. "अरे येडा, मरेल नई ते, भरेल शे. पोट भरनं, आते आखो कितलं खाई? तपाड त्याले, धरेल सोडी दी. मंग थंडं करं का परत कामले लागस." आणि साहेबाकडे वळला. "चूक मन्ही शे साहेब. मी त्याले अर्धंच शिकाडं. धरानं सांगं, सोडानं सांगंच नई."

मी व्हॉल्व्ह उघडला. अमाइन तापलं आणि धरलेला कार्बन सोडायला लागलं. काटा हळूहळू खाली आला. साहेब ऑफिसकडे निघून गेला. आप्पाने डबा सोडला. "बस, खाय. भाबी कशी व्हती, सांग मले."

तेरा दिवस लोक येऊन मला धीर धर म्हणून गेले होते. ती कशी होती, हे कोणी विचारलं नव्हतं. मी बोललो, रडलो, बोलता बोलता त्याच्या दोन भाकरी खाऊन टाकल्या. छाती हलकी झाली.

गेल्या साली आप्पा मुलाकडे सुरतेला गेला. माझं काम अजून चालू आहे. नवीन माणूस आला की मी त्याला आधी सोडायचं शिकवतो, धरायचं मागून.