पत्र्याला सोडलेली माया

मी बायकांचे ब्लाउज शिवतो. गाडी मला चालवता येत नाही. आमच्या घरात गाडी बायको चालवते आणि मी शेजारी बसून, तिला सगळं दिसत असतानाही, ‘अगं, समोर बघ’ म्हणतो. गाडी तिच्या वडिलांची, गोल दिव्यांची. सासऱ्यांनी लेकीच्या हाती दिली ती, मला वाटतं, जावयापेक्षा जास्त विश्वासानं.

एका रविवारी बायकोचा धाकटा भाऊ आला. त्यानं बॉनेट उघडून बॅटरीला हात लावला, तर ती दुखऱ्या दातासारखी हलली. ॲसिड सांडून सांडून तिच्या खालच्या ट्रेचा पत्रा गंजून गेला होता.

“ताई, आता हिला भंगारात दे,” तो म्हणाला.

बायको फडकं घेऊन दिव्याची काच पुसत राहिली. तिचं ते पुसणं मला बघवेना, आणि मेव्हण्याचं शहाणपण त्याहून बघवेना. मी उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“त्यात काय? ठिगळ लावलं की झालं. मी करतो!”

“तुम्ही?” दोघं एकदमच म्हणाले. भावंडांचं इतकं एकमत मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायकोनं बॅटरी काढून दिली आणि शाळेत शिकवायला गेली. मी पेचकसानं गंज टोकरायला बसलो. पहिल्याच टोच्याला पेचकस आरपार. चांगला पत्रा लागेपर्यंत टोकरत गेलो, आणि बोटाएवढं भोक होतं तिथून माझी मूठ जायला लागली. आता ठिगळानं भागणार नव्हतं, अख्खा ट्रेच नवा हवा होता. मग उरलेलं ॲसिड मारायला खाण्याचा सोडा टाकून पाणी ओतलं. तो असा फसफसला, की मी मागे उडी मारून बादलीतच पाय घातला.

पण माप घ्यायला बसलो आणि जिवात जीव आला. हे आपलं काम! खाकी कागद ट्रेवर दाबून आकार उतरवला, नव्या पत्र्यावर खडूनं आखला, आणि उभा जन्म जे केलं तेच केलं: कडेनं बोटभर माया सोडली. पुढे-मागे सैल करावं लागलं तर शिवणीत कापड हवंच ना!

समोर लोखंडी गेटं बनवणाऱ्यानं पत्रा कापला, जुना ट्रे काढला आणि मायेच्या कडा खाली वळवून नवा ट्रे गाडीला वेल्डिंग करून दिला. त्यानं विचारलंही होतं, “मास्तर, उंच नाही ना होत?”

“माप माझं आहे,” मी म्हणालो. तो बिचारा कामाला लागला.

मी खूश होऊन लाल प्रायमर मारला, त्यावर काळा रंग दिला. सुकल्यावर बायकोनं बॅटरी बसवली आणि बॉनेट हळूच खाली आणलं. ते मिटेना. कापडातली माया आत दडपता येते. पत्र्यातली माया ट्रेखाली पाय रोवून उभी राहिली होती.

मी बॉनेटवर बसायला निघालो.

“अहो, थांबा!” ती ओरडली. “बॅटरीची टोकं बॉनेटला लागली तर भडका उडेल!”

मी हात मागे बांधून उभा राहिलो. आता पुन्हा कापायचं, पुन्हा जोडायचं, आणि मेव्हण्याला सांगायचं काय, याच विचारानं माझं तोंड उतरलं. ती मात्र पट्टी घेऊन बॅटरीची उंची मोजत होती.

“ट्रे छान भक्कम झालाय,” ती म्हणाली. “तो राहू दे. बॅटरी बुटकी आणू. नाहीतरी ही म्हातारीच झालीय.”

दुकानातून तिनं बुटकी बॅटरी आणली. बॉनेट अल्लद मिटलं. मग ती गाडी घेऊन मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यानं गेली. मी शेजारी, जीव मुठीत धरून. परत आल्यावर तिनं बॅटरी धरून गदागदा हलवली.

“जागची हलत नाही हो!” ती म्हणाली आणि इतकी हसली की मलाही हसू फुटलं.

त्यानंतर माझ्या शिवणाच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला मी गंज, सोडा आणि प्रायमर समजावून सांगितलं. बुटक्या बॅटरीचा विषय तेवढा निघाला नाही. शेवटी एका बाईंनी हात जोडले.

“मास्तर, गाडीचं कळलं. माझी बाही कधी सैल करताय?”