सुमनचा उजवा पाय पुढेच राहू द्या

अन्याय झाला तो सुमनवर. आमचे प्रशिक्षक मारुती सर यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सरावात, गंगाखेडला जुन्या गोदामातल्या आमच्या बॉक्सिंग हॉलात. नव्या प्रशिक्षकांनी तिचा उजवा पाय मागं घ्यायला लावला आणि डावा पुढं. सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एसटी स्टँडवर पत्रकं वाटत होते. तिथंच रडले. या गोष्टीवर मात्र रडू येत नाही, संताप येतो.

सुमन राणीसावरगावची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, डावरी; उजवा पाय पुढं असला तरच तिच्या डाव्या हाताला जोर येतो. मुलींना खेळायला पाठवा म्हणत सर आणि मी गावोगाव फिरायचो, तेव्हा ती रानात दिसली. एक मेंढा शिंगं रोखून तिच्या अंगावर आला. ही पळाली नाही. उजव्या पायावर जराशी कलली, मेंढा बाजूनं गेला आणि हिचा डावा हात सपकन त्याच्या मानेवर बसला. सर बघतच राहिले...

"कुणी शिकवलं गं?"

"ह्यानंच की," ती मेंढ्याकडं बोट करून म्हणाली.

हॉलात बाकीच्या मुली बॅगवर ठोसे मारायच्या, पण सुमनला सरांनी कितीतरी दिवस बॅगला हात लावू दिला नाही. तिचं कलणं त्यांना मोडायचं नव्हतं. खोट एकच होती, तिची नजर खाली जायची, शिंगं शोधायला. मग सर स्वतः डोकं खाली घालून तिच्यावर धावून जायचे आणि मधेच हात उचलायचे. ठोसा बसला की सुमन चिडायची.

"सर, मेंढा अशी लबाडी न्हाई करत!"

"मेंढा जिल्हा स्पर्धा खेळत न्हाई, बाई. वर बघ."

सर गोड माणूस नव्हते. माझं पत्रक हातात घेऊन म्हणायचे, "लय ओरडतीस गं कागदावर." पण कुठल्या मुलीचं काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवायला ते वेळ घ्यायचे.

नवे सर शिस्तीचे आहेत, वाईट नाहीत. सगळ्यांचा पाया सारखा पाहिजे म्हणतात. त्या सकाळी सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "आरती डाव्या हातानं घेतीस का?"

"आरती उजव्यानंच घेते, सर. गोफण डाव्यानं फिरवते."

"हितं मेंढरं न्हाईत."

मुली हसल्या. त्यानंतर ज्या मुलींच्या ठोशाला सुमन कधी सापडली नव्हती, त्यांच्याच हातचा मार ती रोज खाऊ लागली. सुजलेला ओठ पाहून वडील म्हणाले, "मारच खायला जायलीस, तर मेंढरं काय वाईट?" या आठवड्यात ती आलेली नाही. जिल्हा स्पर्धेची निवड पुढच्या महिन्यात आहे.

हॉलच्या फरशीवर सरांनी ऑइलपेंटनं प्रत्येकीच्या पावलांच्या खुणा काढल्यात, जिची तिची उभं राहायची पद्धत. खिडकीजवळच्या, सुमनच्या जोडीत तेवढा उजवा पाय पुढं आहे. या खुणा झाकून फरशी रंगवायला नव्या सरांनी मागवलेला डबा कोपऱ्यात येऊन पडलाय.

श्रद्धांजलीचे मेसेज पुरे झाले. गंगाखेडात असाल तर उद्या सकाळी सरावाच्या वेळेला हॉलवर या. नव्या सरांना तोंडावर सांगा: तो डबा उघडायच्या आधी सुमनला घरून बोलवा आणि तिच्या खुणांवर उभी करा.