वन्संनी विझवलेली भट्टी

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे आमच्या वन्संना, कुणाच्याही घरी पाणी दिलं तर त्या आधी काचेचा पेला नखानं वाजवून पाहतात. स्वच्छ टण् असा आवाज आला तर पाणी पितात. खट् असा आला तर यजमानीण समोर उभी असतानाच म्हणतात, "घाईत थंड केलाय हा. यात गरम काही ओतू नका, तडकेल." माझ्या लग्नानंतर त्या पहिल्यांदा माझ्या माहेरी गेल्या तेव्हाही त्यांनी हेच केलं. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ही तुझी नणंद आहे की तपासनीस?"

त्यांच्या वडिलांनी काचेचा कारखाना काढला होता. ते अचानक गेले तेव्हा माझे यजमान शाळेत होते. भाऊ हाताशी येईपर्यंत म्हणून वन्सं वडिलांच्या खुर्चीवर बसल्या. भाऊ हाताशी आला आणि विमा कचेरीत चिकटला. वन्सं तिथेच राहिल्या. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणायच्या, "झालंय की, भट्टीशी. नवरा डोक्यानं गरम आहे, पण घर सोडून कुठे जात नाही."

कारखान्यात सगळे त्यांना आक्का म्हणतात. दिव्यांच्या काचेच्या हंड्या आणि अत्तराच्या बाटल्या हा मुख्य माल. यंत्र कमी, फुंकर जास्त. लांब नळीच्या टोकाला वितळलेली काच घ्यायची आणि दुसऱ्या टोकानं फुंकून तिला आकार द्यायचा. हे हाताला बसायला दहा-बारा वर्षं लागतात. आमच्याकडच्या सगळ्यात तरबेज कारागिराचे गाल फुंकून फुंकून असे सैल झालेत की त्याचं नावच फुगे पडलंय. त्याची बायकोसुद्धा त्याला फुगेच म्हणते.

काचेची भट्टी चुलीसारखी संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. आत मातीच्या मोठाल्या मुशी असतात, त्यात काच वितळून तयार असते. भट्टी गार पडली तर मुशी फुटतात आणि विटांच्या छताला तडे जातात. म्हणून काम असो नसो, ती जळतीच ठेवायची. आमची भट्टी माझ्या लग्नाच्याही आधीपासून, एकदाही न विझता जळत होती. माझ्या देवघराची मागची भिंत कारखान्याला लागून आहे. ती भिंत बाराही महिने कोमट असायची आणि तिच्यातून एक बारीक घुमणारा आवाज यायचा. देवाचं नाव घेताना मी त्याच आवाजाच्या लयीत घ्यायचे. मला वाटायचं, देव आहे तोवर हा आवाज आहे.

संकट आलं ते फार लांबून आलं. दूर कुठेतरी एक अवाढव्य बँक बुडाली. कोट घातलेली माणसं आपापली खोकी छातीशी धरून इमारतीतून बाहेर पडताना टीव्हीवर दाखवत होते. मी शेंगा सोलत बघत होते. वाटलं, बिचारे. आपला त्यांच्याशी काय संबंध?

संबंध होता. हॉटेलांची बांधकामं थांबली, त्यामुळे हंड्या घेणाऱ्या व्यापाऱ्यानं मागणी रद्द केली. मग अत्तरवाल्यानं. मग आमच्या बँकेचे साहेब स्वतः घरी आले. सज्जन माणूस. चहा हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"आक्का, तुमच्यावर अविश्वास नाही," ते म्हणाले, "पण कारखान्यांची कर्जाची उचल निम्मी करा, असं वरून आलंय. सगळ्यांचीच."

"ज्यांनी बुडवलं त्यांचीही निम्मी केली का?"

साहेब कपात बघत म्हणाले, "त्यांना सरकारनं दिले."

"बरं झालं. कुणाला तरी मिळाले."

जाताना साहेबांनी मनापासून सल्ला दिला. हातात आहे त्यात एक तर भट्टीचा गॅस भागेल, नाहीतर पगार. तेव्हा माणसांना घरी पाठवा आणि भट्टी जगवा. "भट्टी ही मालमत्ता आहे आक्का. माणसं काय, बाजार उठला की परत मिळतात."

वन्संनी दुसऱ्या दिवशी माल बांधायच्या शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं आणि काही न लपवता सांगितलं. मी चहा घेऊन गेले होते, म्हणून ऐकलं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. तर फुगे उठून म्हणाला, "आक्का, आमचे पगार थांबवा. कुठे हमाली करू, कुठे रखवाली करू. पण भट्टी विझवू नका. ती जगली तर आम्ही कधी ना कधी परत येऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे साहेब आणि कामगार, दोघांचं म्हणणं एकच निघालं. एवढी एकी मी त्या कारखान्यात आधी कधी पाहिली नव्हती.

संध्याकाळी वन्सं माझ्या ओट्याशी उभ्यानंच जेवत होत्या. त्या बसून जेवलेल्या मला आठवत नाहीत. ह्यांनी विषय काढला. "ताई, सगळे म्हणतायत तर तसंच कर. बाबांनी लावलेली आग आहे ती."

"बाबांनी आग कशाला लावली होती रे? शेकायला?"

ह्यांनी ताटातला भात कालवायला घेतला.

"विटा बाजारात मिळतात," वन्सं म्हणाल्या. "हा फुगे एकदा कुणाच्या दारावर रखवालदार म्हणून बसला ना, की त्याची फुंकर गेली. मग मी जळती भट्टी घेऊन कुणाची आरती करू? नाकापेक्षा मोती जड झाला तर मोती काढतात, धाकट्या. नाक नाही कापत."

मला राहवलं नाही. म्हटलं, "वन्सं, इतकं टोकाला नका जाऊ. देव बघून घेईल."

"बघेल की. पण त्याला बघायला आपण काहीतरी करून ठेवायला नको?"

मी भांडी घासायला घेतली.

सकाळी त्यांनी सांगितलं की भट्टी विझवायची, गॅसचा पैसा पगाराला वळवायचा, आणि पगार सगळ्यांना सारखा, कमी, पण दर महिन्याला. स्वतःलाही तेवढाच.  भट्टीदादांनी खांद्यावरचं फडकं काढून बाकावर ठेवलं. दादांचं आयुष्यभराचं काम एकच, आग सांभाळणं. वन्संच्या वडिलांबरोबर ती पेटवायला तेच होते. ते म्हणाले, "मी हात लावणार नाही. ज्याला मारायची त्यानं मारावी." आणि निघून गेले.

मग वन्संनीच गॅसची चावी फिरवली. आधी मुशींतली काच मोठ्या पळ्यांनी काढून पाण्याच्या हौदात ओतली. लाल रस पाण्यात पडला की फुत्कार निघायचा, वाफेत माणसं दिसेनाशी व्हायची, आणि खाली पांढऱ्या खड्यांचा ढीग. वन्सं एकटक ज्योतीकडे बघत चावी मागे घेत होत्या. त्यांच्या तोंडाकडे मला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दादा दारात.

"आच कितीवर आणलीत?"

वन्संनी आकडा सांगितला.

"एका रात्रीत एवढी? छत कोसळवायचंय का अंगावर? सरका."

त्या सरकल्या. मग पुढे कित्येक दिवस दादा तिथून हलले नाहीत. तापलेली वीट एकदम गार केली तर फुटते, तिला कळणारही नाही इतक्या हळू उतरवावं लागतं. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे ते बसले होते. वन्संशी बोलत ते फक्त आकड्यांत. डबा मीच न्यायचे. एकदा म्हणाले, "सूनबाई, तुमच्या नणंदेला सांगा, मी अजून रागावलेलोच आहे." मी सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "त्यांना सांग, रागावून का होईना, विझवतायत छान."

एका सकाळी मी देवासमोर बसले आणि नाव लागेना. कुठे चुकतंय ते बराच वेळ कळलं नाही. मग लक्षात आलं, आवाज नाही. भिंतीला हात लावला. इतर भिंतींसारखीच गार होती. मला एकदम उघड्यावर पडल्यासारखं वाटलं. जप तसाच टाकून मी कारखान्यात पळाले. सगळे भट्टीभोवती उभे होते. तेवढ्यात आतून एक घोगरा आवाज आला, आणि मागोमाग आणखी एक. दादांनी टोपी काढली. "मुशी गेल्या," ते म्हणाले.

वन्संनी पुढच्या तोंडाच्या विटा काढायला लावल्या, बॅटरी घेतली आणि रांगत आत शिरल्या. बराच वेळ काही चाहूल नाही. दादा घाबरून वाकले, "आक्का?"

आतून हाक आली ती मला. "अगं, इकडे ये. आधी तू ये."

मी साडी खोचून आत शिरले आणि उभी राहिले. मी देवळं पाहिली आहेत, संगमरवराचे गाभारे पाहिले आहेत. पण असं काही मी पाहिलेलं नाही. इतक्या वर्षांच्या वाफेनं सगळ्या विटांवर काचेचं लिंपण चढलं होतं. खाली मधासारखं पिवळं, वर जाता जाता हिरवं, आणि घुमटाच्या माथ्याशी निळं, खोल पाण्यासारखं. छतातून काचेचे थेंब लोंबत होते, पडता पडता थबकलेले, काही बोटाएवढे, काही हाताएवढे. वन्संनी बॅटरी हलवली की सगळा घुमट हलल्यासारखा व्हायचा. हे कुणी घडवलं नव्हतं. कुणाला दिसावं म्हणूनही झालं नव्हतं. आम्ही भिंतीपलीकडे स्वयंपाक करत होतो, भांडत होतो, झोपत होतो, आणि इकडे हे चाललं होतं. माझे हात आपोआप जोडले गेले.

वन्सं हळू आवाजात म्हणाल्या, "जन्म हिच्या तोंडाशी गेला माझा. आत काय आहे ते बाबांनीसुद्धा बघितलं नाही. जळत होती तोवर कुणाला दिसणारच नव्हतं."

नखानं वाजवून बघायची सवय असलेला त्यांचा हात भिंतीपर्यंत गेला आणि तसाच मागे आला.

मग एकेक करून सगळे आत जाऊन आले, त्यांच्या घरची माणसंही आली. चपला काढायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी बाहेर चपलांची रांग लागली. फुगे बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. म्हणाला, "आक्का, ही आत असं काम करत होती, आणि आपण बाहेर बाटल्या फुंकत बसलो." सगळे हसले. भट्टी विझल्यापासून तिथं पहिल्यांदा कुणी हसलं. दादा मात्र शेवटी एकटे आत गेले, आणि त्यांना कुणी हाक मारली नाही.

पगार द्यायचा तर काम हवं. वन्सं म्हणाल्या, "हातात पैसा नाही म्हणून लोक नवं घर बांधणार नाहीत. पण फुटक्या तावदानातून वारा यायचा थांबतो का?" आमचे कसबी कारागीर गल्लोगल्ली खिडक्यांच्या काचा बसवत फिरू लागले. वर्षानुवर्षं हंड्या फुंकलेली माणसं चाकूनं लांबी, म्हणजे चौकटीत काच पक्की करायचा लगदा, थापत होती. फुगेच्या बायकोनं मला सांगितलं, ओळखीचं कुणी दिसलं की हा काच तोंडापुढे धरतो. मी म्हटलं, काचेतून दिसतं की सगळं. म्हणाली, तेच तर कळत नाही त्याला. सगळंच गोड झालं असं नाही. नक्षी कोरणारा कारागीर कंटाळून लेकाकडे निघून गेला, तो गेलाच. वन्संनी राहतं घर विकलं आणि आमच्या मधल्या खोलीत आल्या. रात्री काचेनं कापल्याचे बारीक ओरखडे त्यांच्या बोटांवर दिसायचे, कारण त्याही खिडक्या बसवायला जात.

नदीपलीकडच्या काचवाल्यानं उलट केलं होतं. साहेबांचं ऐकून माणसं घरी पाठवली आणि भट्टी जगवली. ती रिकामीच जळत राहिली. पुढे हळूहळू मागणी परत आली तेव्हा त्याची माणसं कुणी गाड्या चालवत होती, कुणी परमुलखात गेली होती. जळती भट्टी होती आणि नळी धरायला कुणी नव्हतं. शेवटी त्यानंही ती विझवलीच. मला आनंद झाला नाही. त्याच्यासाठीही मी देवाला सांगितलं.

आमच्याकडे मागणी आली त्या दिवशी सगळे खिडक्या टाकून हजर. जुन्या भट्टीच्या धड विटा निवडून, घासून, त्यांनी स्वतःच नवी भट्टी रचली. साहेब बघायला आले. आता बँकेला पुन्हा पैसे द्यायचे होते. म्हणाले, "आक्का, एवढी लहान का? मोठी बांधा, कर्ज मी मंजूर करतो."

"तुमचे वरचे साहेब कसे आहेत?" वन्संनी विचारलं.

"ठीक आहेत की. का?"

"नाही, सहज."

पेटवायच्या दिवशी दादा भट्टीभोवती एक चक्कर मारून आले. त्यांचा राग तोवर बराच उतरला होता, पण तसं त्यांनी अजून कबूल केलं नव्हतं.

"ही भट्टी आहे की शेगडी?" ते म्हणाले. "हिला तर कुणीही सहज विझवेल."

"म्हणूनच एवढी बांधलीय, दादा."

दादांनी एका विटेवरून हात फिरवला. मग त्यांनी भट्टी पेटवायचा काकडा वन्संपुढे धरला. "घ्या. मालकीणबाईंनी पेटवावी."

"अंहं," वन्सं म्हणाल्या. "पेटवायची तुम्हीच. विझवायची पुन्हा वेळ आली, तर मी आहे."

दादांनी काकडा पेटवला आणि वाकले.