एका मोबाईलची वाडी

तळेगावच्या चष्म्याच्या दुकानात मी बारा वर्षं गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवल्या. कॉम्प्युटरवरचा जुना प्रोग्राम मठ्ठ होता, पण त्यात शेऱ्याला जागा होती. एकाच नावाच्या तीन मावश्या आल्या, तर मी शेऱ्यात ‘टाकीजवळची’, ‘गिरणीमागची’ असं लिहायचो.

मालकाच्या जावयाने नवी सिस्टीम आणली. तिच्यात माणसाची ओळख म्हणजे मोबाईल नंबर. आंदर मावळातल्या एका वाडीत रेंज फक्त दूधवाल्याच्या ओट्यावर येते, म्हणून सगळ्यांनी त्याचाच मोबाईल दिलाय, हे मी तीनदा सांगितलं. जावई म्हणाला, “काका, तुम्हाला बदल नकोच असतो.” नोंदी नव्या सिस्टीममध्ये चढल्या आणि अख्खी वाडी एक माणूस झाली. जुना कॉम्प्युटर त्याने लगेच भंगारात घातला.

पुढच्या आठवड्यात त्या वाडीतली टाकीजवळची मावशी मोडका चष्मा घेऊन आली. पडद्यावर वाडीची एकच नोंद उरली होती, दूधवाल्याची. “सिस्टीममध्ये आहे तोच चष्म्याचा नंबर,” म्हणत जावयाने तसाच चष्मा बनवून दिला.

तो लावून मावशी माझ्याकडे वळली. “भाऊ, समदं पुसट दिसतंय. तुमी तरी वळखता ना मला?”

ओळखत होतो. तिच्या डोळ्यांचा नंबर तेवढा भंगारात गेला होता.